दहा हजार वर्षांची अमानत

पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरी गच्चीवरच्या कुंड्यांची माती बदलण्याचे काम निघते. यंदा रोपवाटिकेत नेहमीच्या कोकोपीटऐवजी दुकानदाराने एक वेगळीच पिशवी हातात ठेवली. "हा परदेशी माल आहे, एकदा वापरून बघा," म्हणाला. भाव ऐकून आम्ही दोनदा विचार केला, पण घेतली. घरी येऊन उघडली तर आत हलका, तपकिरी, भुसभुशीत भुगा. मुठीत दाबला की बसायचा आणि मूठ सैल केली की पुन्हा स्पंजासारखा फुलायचा. पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत देशाचे नाव होते : लॅटव्हिया. घरातल्या धाकट्याने लगेच नकाशा उघडला, बाल्टिक समुद्राच्या काठचा तो छोटासा देश शोधला आणि विचारले, "तिथली माती इतक्या लांबून आपल्या मिरचीच्या रोपासाठी कशाला आणायची?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच लांब जाऊन पोहोचलो. सर्वांत आधी कळले ते हे की, तो भुगा माती नव्हताच. शेकडो, कदाचित हजारो वर्षांपूर्वी मेलेली आणि तरीही न कुजलेली ती वनस्पती होती. तिला पीट म्हणतात. अशा पीटने भरलेल्या दलदली उत्तर गोलार्धात कॅनडापासून सायबेरियापर्यंत पसरल्या आहेत. जगाची हवा किती तापणार, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या दलदलींच्या पोटात आहे. जी गोष्ट आपण कधी पाहिली नाही आणि बहुधा पाहणारही नाही, तिचा आपल्या पुढच्या पिढीशी इतका जवळचा संबंध असावा, हे वाचून आम्ही चकित झालो. म्हणूनच हा लेख.

पीट तयार कसे होते?

आपल्याकडे झाडाचे पान गळून जमिनीवर पडले की दोन-चार महिन्यांत त्याचे खत होते. बुरशी, जिवाणू, गांडुळे आपापले काम करतात आणि पानातला कार्बन वायू होऊन हवेत परत जातो. ही देवाणघेवाण चालू राहावी यासाठी ऊब लागते आणि हवा, म्हणजेच ऑक्सिजन, लागतो.

आता उत्तरेकडचा थंड प्रदेश डोळ्यांसमोर आणा. पाऊस आणि बर्फ बेताचे, पण थंडीमुळे बाष्पीभवन कमी. जमीन सपाट किंवा खोलगट, त्यामुळे पाणी वाहून जात नाही. जमीन वर्षभर पाण्याने तुडुंब भिजलेली. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश झिरपतो. त्यामुळे वीतभर खाली गेले की ऑक्सिजन जवळपास संपलेलाच असतो. तिथे कुजवणारे जीव उपाशी राहतात. उन्हाळ्यात वर हिरवळ वाढते, हिवाळ्यात मरते, खाली दबते, पण पुरती कुजत नाही. पुढच्या वर्षी तिच्यावर नवा थर. असे वर्षानुवर्षे चालते.

हा व्यवहार किती संथ आहे बघा. पीटचा थर वर्षाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर चढतो. म्हणजे एका माणसाच्या साऱ्या आयुष्यात फार तर बोटभर. एका चौरस मीटर जागेत वर्षाला सरासरी २३ ग्रॅम कार्बन साठतो. चहाचे चार-पाच चमचे साखर भरेल एवढाच. पण शेवटचे हिमयुग ओसरू लागल्यावर, सुमारे बारा-अकरा हजार वर्षांपूर्वीपासून, हे चमचे एकावर एक पडत आले आहेत. कित्येक ठिकाणी थराची खोली आज कित्येक मीटर आहे.

एका शेवाळाची करामत

या साऱ्या कारभाराचा मुख्य कारभारी आहे स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ. दिसायला नाजूक, रंगाने हिरवे, पिवळसर, कधी लालसर. त्याला खरी मुळे नसतात. वरचे टोक वाढत राहते आणि खालचा भाग मरत जातो. जिवंत रोप आपल्याच मेलेल्या देहावर उभे असते.

स्फॅग्नमच्या पानांमध्ये मोठ्या पोकळ पेशी असतात. त्या पाण्याने भरल्या की हे शेवाळ स्वतःच्या सुक्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवते. आमच्या मुठीत फुललेला भुगा याच पेशींचा होता. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडू लागला तेव्हा ब्रिटनमध्ये हेच शेवाळ गोळा करून, वाळवून, जखमांवर बांधण्याच्या पट्ट्यांत भरत असत. युद्ध संपत आले तेव्हा दरमहा सुमारे दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. रक्त शोषून घेण्याची ताकद मोठी आणि जखम चिघळण्याचे प्रमाण कमी, असा तो अनुभव होता.

जखम न चिघळण्याचे कारणही याच शेवाळात आहे. ते आपल्या भोवतालचे पाणी आंबट करून टाकते. लिंबू पिळून, मीठ लावून लोणचे घातले की फळ कुजत नाही, तसाच थोडाफार प्रकार. शिवाय या दलदलीत फेनॉल जातीची रसायने साठतात आणि ती कुजवणाऱ्या विकरांना निष्क्रिय करतात. या फेनॉलचा निकाल लावणारे एक विकर असते, पण त्याला काम करायला ऑक्सिजन लागतो. पाणी भरलेले असेपर्यंत ऑक्सिजन नाही, म्हणून ते विकर बंद, म्हणून फेनॉल कायम, म्हणून कुजणे बंद. वेल्समधल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ही साखळी मांडली आणि तिला दाराच्या कडीची उपमा दिली. पाणी आहे तोवर कडी लागलेली. पाणी उतरले, हवा आत शिरली, की कडी निघते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी चिंता याच कडीची आहे.

दलदलीने सांभाळलेल्या वस्तू

पीट किती जपून ठेवते, याची साक्ष तिथे सापडलेल्या वस्तू देतात. मे १९५० मध्ये डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग गावाजवळ एक कुटुंब जळणासाठी पीट कापत होते. हाताला एक मृतदेह लागला. चेहरा इतका ताजा, कपाळावरच्या सुरकुत्या आणि हनुवटीवरचे दाढीचे खुंट इतके स्पष्ट, की त्यांना वाटले नुकताच कुणाचा तरी खून झाला आहे. त्यांनी पोलीस बोलावले. पोलिसांनी पुरातत्त्व अभ्यासकांना बोलावले. तो माणूस सुमारे २४०० वर्षांपूर्वी मेला होता. गळ्यात चामड्याचा फास होता. पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेषही होते : जव आणि जवसाची पेज. आज त्याला टोलुंडचा माणूस म्हणून जग ओळखते.

आयर्लंडमध्ये २००९ साली किल्डेर परगण्यात ओकच्या लाकडाचे एक पिंप सापडले. आत सुमारे ३५ किलो लोणी, वय अंदाजे तीन हजार वर्षे. त्या काळी लोक लोणी दलदलीत पुरून ठेवत. घरात फ्रिज नव्हता, पण दारात दलदल होती.

आणि २००६ मधली गोष्ट. आयर्लंडच्याच टिपरेरी परगण्यातील फॅडन मोर दलदलीत पीट काढणाऱ्या यंत्राच्या चालकाला चिखलात काहीतरी वेगळे दिसले. ते चामडी वेष्टनातले एक हस्तलिखित होते, साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचे. त्यात लॅटिन भाषेतली स्तोत्रे होती. ही ती स्तोत्रे, जी हजरत दाऊद (अ.) यांच्या नावाशी जोडली जातात आणि ज्यांचा उल्लेख निघाला की आपल्याला जबूरची आठवण होते. ते हस्तलिखित वाळवून, पानन्‌पान सोडवून सुरक्षित करायला काही वर्षे लागली. काम चालू असताना वेष्टनाच्या आतल्या अस्तरात पपायरसचे तुकडे मिळाले. पपायरस म्हणजे इजिप्तच्या नाईल काठचा कागद. बाराशे वर्षांपूर्वी नाईलपासून आयर्लंडपर्यंत माणसांची किंवा वस्तूंची ये-जा होती, याचा पुरावा एका दलदलीने आपल्या पदरात जपून ठेवला होता.

लोणी, पुस्तक, माणूस जिने सांभाळले, तिने याहून कितीतरी मोठी ठेव सांभाळली आहे. ती ठेव म्हणजे कार्बन.

हिशोब काय सांगतो?

जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भागावर पीटभूमी आहे. पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे, त्याहून जास्त या तीन टक्क्यांत आहे. त्यातला फार मोठा वाटा उत्तरेकडचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार उत्तर गोलार्धातील पीटभूमीचे क्षेत्रफळ सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारत देशाहून थोडे जास्त आहे. तिच्यात साठलेला कार्बन सुमारे ४१५ अब्ज टन. अंदाजात दोन्ही बाजूंना बरीच तफावत धरावी लागते, कारण एवढ्या विस्तीर्ण दलदलीची खोली जागोजागी मोजणे सोपे नाही. तरी तुलनेसाठी सांगतो : आज पृथ्वीच्या साऱ्या वातावरणात मिळून सुमारे ८८० अब्ज टन कार्बन आहे. म्हणजे हवेत जितका आहे त्याच्या जवळपास निम्मा या ओल्या जमिनीत झोपलेला आहे.

हा कार्बन हजारो वर्षे हवेतून काढून घेतला गेला, म्हणून पृथ्वी आज आहे तितपत थंड राहिली. उत्तरेच्या दलदलींनी माणसाकडून कधी मोबदला मागितला नाही. उलट माणसाने त्यांना पडीक, निरुपयोगी, डासांचे घर म्हणूनच पाहिले.

दलदलीपलीकडची माणसे

या दलदली निर्मनुष्य आहेत असे समजू नये. ओब आणि इर्तिश या सायबेरियातल्या दोन महानद्यांच्या मधोमध वस्युगान नावाची दलदल आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५३ हजार चौरस किलोमीटर. आपला संपूर्ण कोकण विभाग तिच्यात ठेवला तरी बरीच जागा उरेल. उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या दलदलींत तिची गणना होते. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी तर याहूनही विस्तीर्ण पीटप्रदेश आहे. तिथे क्री आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

पश्चिम सायबेरियातच, तोबोल्स्क या जुन्या शहराच्या परिसरात, सायबेरियन तातार मुसलमानांचा एक समाज दलदलींच्या मधल्या उंचवट्यांवर राहतो. रशियन भाषेत त्यांना झाबोलोत्नी म्हणतात. शब्दाचा अर्थच 'दलदलीपलीकडचे'. मासेमारी, शिकार, रानातली फळे यांवर त्यांचा पूर्वापार गुजारा. त्यांच्या कित्येक वस्त्यांकडे उन्हाळ्यात गाडीने जायला रस्ताच नसतो. हिवाळ्यात दलदल गोठली की तिच्यावरून वाट तयार होते आणि तेव्हा वर्षाचे धान्य, सामान, बांधकामाचे साहित्य आत जाते. आपल्याकडे पावसात रस्ता बंद होतो, तिकडे थंडी संपली की बंद होतो. म्हणून तिथल्या लोकांना हवामान बदलाची गोष्ट समजावून सांगायला शास्त्रज्ञांची गरज पडत नसावी. दलदल उशिरा गोठली तर वाट उशिरा उघडते आणि लवकर वितळली तर लवकर मिटते. घरातल्या पिठाच्या डब्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

उष्णता वाढली तर काय होईल?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा बराच वेगाने तापत आहे. २० जून २०२० रोजी सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क या गावी पारा ३८ अंशांवर गेला. उत्तर ध्रुववृत्ताच्या आत नोंदलेले ते सर्वाधिक तापमान, असे जागतिक हवामान संघटनेने नंतर मान्य केले. नागपूरकराला ३८ अंशांचे काय वाटणार! पण जिथे हिवाळ्यात उणे पन्नासच्या खाली जाते, त्या गावाची ही गोष्ट आहे.

अशा उष्णतेत दलदल साठवण वाढवील की गमावील, यावर दोन्ही बाजूंचा पुरावा आहे आणि प्रामाणिकपणे दोन्ही मांडला पाहिजे. गेल्या हजार वर्षांच्या थरांचा अभ्यास केला तेव्हा दिसले की, थोड्या उबदार काळात दलदलींनी जास्त कार्बन साठवला आणि थंड काळात कमी. कारण उघड आहे : उन्हाळा लांबला, ऊन जास्त मिळाले, शेवाळ जास्त वाढले. २०१८ मधील एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की, या शतकाच्या अखेरीपर्यंत पीटभूमीची कार्बन शोषण्याची क्षमता थोडी वाढेल आणि त्यानंतर घसरणीला लागेल. म्हणजे सुरुवातीला लाभ, पुढे तोटा.

पण हे तेव्हाच, जेव्हा पाणी टिकून राहील. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात शास्त्रज्ञांनी याचा एक मोठा प्रयोग उभारला आहे. त्याचे नाव स्प्रूस. जंगलातल्या खऱ्याखुऱ्या दलदलीवर पारदर्शक भिंतींचे, वरून उघडे असे दहा मोठे कक्ष बांधले. २०१४ पासून आतली जमीन दोन मीटर खोलीपर्यंत आणि पुढच्या वर्षापासून हवाही गरम करायला सुरुवात केली. कुठे सव्वादोन अंश, कुठे साडेचार, असे करत थेट नऊ अंशांपर्यंत. काही वर्षांतच निकाल हाती आले. तापवलेल्या जागांनी कार्बन साठवणे सोडून तो गमवायला सुरुवात केली, आणि तोही साठवण्याच्या जुन्या वेगाच्या कित्येक पट. जितकी उष्णता जास्त, तितका तोटा जास्त. स्फॅग्नम शेवाळ सुकून मागे हटले आणि त्याची जागा झुडपांनी घेतली. कारभारीच गेला, तर कोठाराचे काय होणार?

आणखी एक अडचण आहे. उत्तरेकडच्या पीटभूमीचा जवळपास निम्मा भाग बारमाही गोठलेल्या जमिनीवर आहे. तिथला पीट थंडीमुळेही सुरक्षित आहे. बर्फ वितळला की जमीन खचते. स्वीडनच्या उत्तरेला अबिस्कोजवळच्या दलदलीत हे शास्त्रज्ञ अनेक वर्षांपासून पाहत आहेत : पीटचे उंच, कोरडे उंचवटे बसत जातात आणि तिथे पाणथळ खड्डे होतात. पाणी असल्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी निघतो खरा, पण ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मिथेन वायू सोडू लागतात. मिथेन हवेत दहा-बारा वर्षेच टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या आसपास उष्णता अडवतो. थोडक्यात, दलदल सुकली तर एक वायू निघतो आणि गोठलेली दलदल वितळून बुडाली तर दुसरा.

मॉस्कोवरचा धूर

सुकलेली दलदल काय करू शकते, हे २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोने भोगले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रशियात वीजनिर्मितीसाठी पीट काढले जात होते. मॉस्कोच्या पूर्वेला शातुरा येथे तर पीटवर चालणारे मोठे वीजकेंद्रच होते. त्यासाठी दलदलींत चर खणून पाणी काढून टाकले. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त झाला, सोव्हिएत व्यवस्था कोसळली आणि हे चर तसेच उघडे राहिले. कडी काढून ठेवलेली, राखण कुणाचीच नाही.

मग २०१० ची उष्णतेची लाट आली. २९ जुलैला मॉस्कोचा पारा ३८ अंशांवर गेला. कोरड्या पीटने पेट घेतला. पीटची आग भडकत नाही, ती जमिनीखाली धुमसते. वरून पाणी मारले तरी आत चालूच राहते. उत्तरेकडे कधी कधी ती बर्फाखाली सारा हिवाळा धुमसत राहते आणि वसंतात पुन्हा वर येते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोत दिवसा समोरची इमारत दिसेना. हवेतील विषारी कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कित्येक पट वाढला. ११ ऑगस्टला रमजान सुरू झाला तेव्हाही संकट संपलेले नव्हते. मॉस्कोत लाखो मुसलमान राहतात. उत्तरेकडचा लांबलचक उन्हाळी दिवस, त्यात ती उष्णता, तो धूर आणि घशाला कोरड. त्या रोजेदारांची कल्पनाच केलेली बरी.

उष्णता आणि धूर यांच्यामुळे त्या उन्हाळ्यात रशियात सुमारे ५५ हजार जादा मृत्यू झाले, त्यांतले सुमारे ११ हजार एकट्या मॉस्कोत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दुष्काळाने गव्हाचे पीक गेले. १५ ऑगस्टपासून रशियाने धान्याची निर्यात बंद केली. जगात गव्हाचे भाव चढले आणि रशियन गव्हावर मोठी भिस्त असलेल्या इजिप्तसारख्या देशाला रमजानच्या दिवसांतच दुसरीकडे गहू शोधावा लागला. एका देशातला तापलेला उन्हाळा दुसऱ्या देशाच्या इफ्तारच्या भाकरीपर्यंत असा पोहोचतो.

इंग्लंडमधला खांब

कार्बनच्या गळतीचा मोठा भाग हवामानापेक्षा माणसाच्या फावड्याने सुरू झालेला आहे, हे विसरू नये. इंग्लंडच्या पूर्वेला होम फेन नावाची जागा आहे. १८५१ साली तिथले तळे उपसून शेतीसाठी दलदल कोरडी केली, तेव्हा पुढे काय होते ते कळावे म्हणून एक लोखंडी खांब जमिनीत गाडला. खांबाचे टोक जमिनीच्या बरोबरीने ठेवले होते. आज ते टोक जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. काही पीट पाणी गेल्याने आक्रसले, आणि बरेचसे हवेत उडून गेले. ज्याला शंका असेल त्याने त्या खांबाखाली उभे राहून मान वर करून पाहावे.

आज जगातील सुमारे १२ टक्के पीटभूमी अशी उपसलेली किंवा खराब झालेली आहे. तेवढ्यातूनच दरवर्षी सुमारे दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात हा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास जातो. जगातली सारी विमाने मिळून सोडतात त्याहून हे जास्त आहे.

उपाय आहे का?

आहे, आणि तो ऐकायला अगदी सोपा वाटतो : खणलेले चर बुजवा, पाणी परत आणा. २०१० नंतर मॉस्कोच्या परिसरात जर्मनीच्या मदतीने हजारो हेक्टर दलदल पुन्हा भिजवण्यात आली. आयर्लंडमध्ये तर पीट हे घराघरातले जळण होते. तिथल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने अनेक दशके यंत्रांनी पीट काढले, पण २०२१ च्या जानेवारीत पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि आता तीच कंपनी त्या जागा भिजवण्याचे काम करते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या निसर्ग पुनर्स्थापनेच्या कायद्यात शेतीसाठी उपसलेल्या पीटभूमीपैकी ३० टक्के जागा २०३० पर्यंत सुधारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जर्मनीत ओल्या जमिनीतच बोरू, पाणकणीस किंवा स्फॅग्नम यांची शेती करण्याचे प्रयोग चालू आहेत.

पाणी परत आणल्यावर सुरुवातीला मिथेन काहीसा वाढतो, अशी शंका काढली जाते. ती खरी आहे. पण कोरड्या पीटमधून वर्षानुवर्षे निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठतच जातो, तर मिथेन काही वर्षांत विरतो. त्यामुळे दूरचा हिशोब भिजवण्याच्याच बाजूने पडतो. अडचण विज्ञानाची नाही. ज्या शेतकऱ्याचे घर त्या कोरड्या जमिनीवर चालते, त्याने काय करावे? ज्या आयरिश आजीची चूल पीटवर पेटत आली, तिने थंडीत काय जाळावे? या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय चर बुजवता येत नाहीत. गरिबाच्या ताटातले काढून हवामान वाचवा, असे कुणी म्हणू नये.

आणि एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उपसलेली दलदल भिजवता येते, पण वितळलेली गोठण जमीन कुणाला चर बुजवून पुन्हा गोठवता येणार नाही. तिच्यासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मुळात जग कमी तापवणे. तो मार्ग सायबेरियातून जात नाही. कोळसा, तेल आणि वायू जिथे जिथे जळतात, त्या प्रत्येक शहरातून तो जातो. त्यात आपली शहरेही आली.

आपल्या गच्चीवर

आता पुन्हा त्या पिशवीकडे. जे थर साठायला शेकडो वर्षे लागली, ते खणून, वाळवून, जहाजात घालून आपल्या गच्चीवर आले. कुंडीत पडल्यावर त्याला हवा मिळणार, आपल्याकडची ऊब मिळणार आणि काही वर्षांत त्यातला कार्बन उडून जाणार. आमच्या एका पिशवीने जग बुडणार नाही, हे आम्हाला कळते. पण ज्या गोष्टीला आपल्या दारातच पर्याय आहे, ती गोष्ट दहा हजार वर्षांच्या कोठारातून कशाला काढायची? कोकणात, गोव्यात, केरळात नारळाच्या काथ्याचा भुगा मुबलक निघतो. कोकोपीट हे नाव त्याला या उत्तरेकडच्या पीटवरूनच मिळाले आहे. पाणी तोही चांगले धरतो. फक्त त्यात कधी कधी खारटपणा असतो, म्हणून आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. त्यात घरच्या ओल्या कचऱ्याचे किंवा गांडुळांचे खत आणि थोडी पोयट्याची माती मिसळली की मिरची, पुदिना, कोथिंबीर मजेत येतात. रोपवाटिकेत विचारावे, "यात पीट मॉस आहे का?" असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले की दुकानदारही विचार करतो.

आमच्या धाकट्याला आम्ही हे सारे सांगितले तेव्हा त्याने थोडा वेळ विचार करून विचारले, "मग आता या पिशवीचे काय करायचे?" परत करण्याची मुदत संपली होती. शेवटी ते पीट आम्ही वाया घालवले नाही; मिरचीच्या रोपांना थोडे थोडे वापरले. पिशवीचे कागदी लेबल मात्र त्याने कापून आपल्या भूगोलाच्या वहीत चिकटवले आहे. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : हे शेवाळ माझ्या पणजोबांच्या पणजोबांहून जुने आहे. पुन्हा आणायचे नाही.